‘अनाथ’ कोणास म्हणावे?

खडकवासल्याच्या धरणाखालून मुठेच्या काठाने पुण्याकडे येऊ लागले म्हणजे डाव्या तीरावर हिंगणे बुद्रुक लागते. अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापिलेला अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये येथे आला. आईबाप हयात असलेली बालविधवाही त्या काळी ‘अनाथ’ या शब्दात सामावत असे. नाथ गेला की स्त्री अनाथ, हा तत्कालीन समाजाचा अलिखित कायदाच त्या नावात उमटला आहे.

पुढे लिखित कायदा आला. मुंबई इलाख्यात १९२४ मध्ये मुलांचा कायदा झाला. २०१५ च्या बालन्याय कायद्याने तर, कायदेशीर पालक सांभाळ करण्यास नाखूष वा असमर्थ असल्यास त्या मुलासही अनाथ मानले. महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये अनाथांस एक टक्का आरक्षण दिले, आणि व्याख्येचा प्रश्न भाकरीचा प्रश्न झाला. २०२१ मध्ये अनाथांचे तीन गट झाले; २०२३ मध्ये ‘संस्थात्मक’ व ‘संस्थाबाह्य’ असे दोनच उरले.

या दोन शब्दांत आम्हांस प्रगती दिसते. कारण मूल कोठे वाढले, हे त्यांत प्रथमच मुख्य ठरले. तथापि, ज्याची आई जिवंत आहे, पण ज्याचे सारे बालपण संस्थेत गेले, त्याने कोणत्या रकान्यात बसावे? मृत्यूचा दाखला आईबाप गेल्याचे सांगतो. मुलास कोणी वाढविले, हे सांगत नाही. समाजसेवकाने आधी तेच विचारावे, असे आम्हांस वाटते.