स्प्रेडशीटमधील ॲरे सूत्रे : एका अदृश्य संकेताचा इतिहास

कागदावर लिहिलेल्या समीकरणाचा अर्थ, ते लिहिताना लेखणी कशी धरली होती यावर अवलंबून नसतो. मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलमधील ॲरे सूत्रांच्या बाबतीत मात्र सुमारे तीस वर्षे काहीसे असेच घडत होते. सूत्राची अक्षरे तीच असत. पण ती घरात भरताना कोणत्या कळा दाबल्या, यावर उत्तर ठरत असे. ॲरे सूत्रे शिकावयास कठीण, असा जो लौकिक झाला, त्याचे कारण त्यांतील गणित नसून हा संकेत होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ॲरे म्हणजे ओळी व रकाने यांत मांडलेला मूल्यांचा समूह. असा समूह हेच एक पद मानून त्यावर गणित करावयाचे, ही कल्पना स्प्रेडशीटहून जुनी आहे. आर्थर केली यांनी १८५८ मध्ये मॅट्रिक्सचे बीजगणित मांडले. हिशेबशास्त्रात रिचर्ड मॅटेसिच यांनी १९५७ मध्ये खात्यांची मांडणी मॅट्रिक्सच्या रूपाने करून दाखविली, आणि १९६४ मध्ये अंदाजपत्रकाचा गणकयंत्रीय कार्यक्रमच ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्याच सुमारास, १९६२ मध्ये, केनेथ आयव्हर्सन यांचा ‘ए प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ हा ग्रंथ निघाला. त्यातील लेखनपद्धतीत दोन संख्यांमध्ये जसे गुणाकाराचे चिन्ह घालावे, तसेच ते दोन समूहांमध्येही घालता येते, आणि वाचणारास ते पाहताक्षणी कळते.

डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँक्स्टन यांच्या व्हिसिकॅल्कने १९७९ मध्ये हा मार्ग धरला नाही. तेथे एका घरात एक सूत्र व एकच मूल्य असे. रकान्याची बेरीज मागता येई. परंतु एक संपूर्ण रकाना दुसऱ्याने गुणावयाचा, तर पहिल्या ओळीतील सूत्राच्या प्रती खाली उतरवाव्या लागत. ही रीत सोपी होती, म्हणून ती रूढ झाली. तिचा तोटा एवढाच, की शंभर प्रतींपैकी एखादी बिघडली तरी वरवर पाहता ध्यानात येत नाही.

एक्सेल १९८५ मध्ये प्रथम मॅकिंटॉशवर आले. त्याच्या आरंभीच्या काळापासूनच त्यात ॲरे सूत्रांची सोय होती. सूत्र लिहून नुसती एंटर न दाबता कंट्रोल व शिफ्ट या कळांसह ती दाबावयाची. मग सूत्राभोवती महिरपी कंस आपोआप उमटत. हे कंस हाताने लिहिले, तर एक्सेल त्यास सूत्र न समजता साधा मजकूर समजे. म्हणजे जे चिन्ह डोळ्यांना दिसे ते लिहिता येत नसे, आणि जे करावे लागे ते दिसत नसे! शिकाऊ मनुष्याची याहून मोठी कुचंबणा ती कोणती?

एक साधे उदाहरण घेऊ. दुसऱ्या ते अकराव्या ओळीपर्यंत एका रकान्यात मालाचे नग व शेजारच्यात दर आहेत. दोन्ही रकान्यांचा गुणाकार करून त्याची बेरीज हवी. तीन कळांनी सूत्र भरले, तर दहाही गुणाकारांची बेरीज मिळे. नुसत्या एंटरने तेच सूत्र बाराव्या ओळीत भरले, तर व्हॅल्यू हा दोष-संदेश येई. हे बरेच म्हणावयाचे. निदान चूक कळली. परंतु तेच सूत्र बाजूच्या रकान्यात पाचव्या ओळीत भरले असता केवळ पाचव्या ओळीतील मालाची किंमत येई, आणि तीही निमूटपणे. एक्सेल समूहातून आपल्याच ओळीतील मूल्य उचलीत असे. या वर्तनास अव्यक्त छेद म्हणता येईल. हिशेबाच्या दृष्टीने खरा धोका होता तो येथे. शिवाय बरोबर भरलेले सूत्र पुढे कोणी किंचित दुरुस्त करून सवयीने एंटर दाबी, आणि कंस नाहीसे होत. पुष्कळ जाणकार समप्रॉडक्ट या फलनाचा आश्रय करीत, तो त्यास या कळांची गरज नसे म्हणूनच.

मूक दोषाचे परिणाम किती दूरवर जातात, याचे प्रसिद्ध उदाहरण कारमेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ यांच्या २०१० च्या निबंधाचे. राष्ट्रीय कर्ज व आर्थिक वाढ यांविषयीच्या त्यांच्या एक्सेल पत्रकात सरासरीचा पल्ला पाच ओळींनी अपुरा राहिला व वीसपैकी पाच देश वगळले गेले. २०१३ मध्ये हर्नडन, ॲश व पॉलिन यांनी ते उघडकीस आणले. मतभेदाची इतरही कारणे होती, आणि ही चूक ॲरे सूत्राचीही नव्हे. पण जात तीच. पत्रकाने कोठेही तक्रार केली नव्हती.

ताळा पाहण्याची साधने मात्र होती. सूत्राचा एक भाग निवडून एफ-नऊ ही कळ दाबली, की त्या भागातील सर्व मूल्ये उलगडून दिसतात. पाहून झाल्यावर एस्केप दाबावयाचे, अन्यथा ती मूल्येच सूत्रात कायम होतात. दहा ओळींचा समूह बारा ओळींच्या समूहाशी गुणला, तर शेवटच्या दोन जागी उपलब्ध नाही असा संदेश येतो व त्यामुळे सगळी बेरीजच नासते, हे या कळेने तत्काळ उमगते. प्रस्तुत लेखकाच्या मते ॲरे सूत्रे शिकविताना आरंभ या कळेपासूनच करावा.

गूगलच्या स्प्रेडशीटने निराळी तोड काढली. तेथे त्या तीन कळा दाबल्या असता सूत्रात ॲरेफॉर्म्युला हा शब्दच उमटतो. संकेत लेखनात आला, हे त्यातील विशेष.

सप्टेंबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने नवी पद्धती जाहीर केली. २०२० पासून ती वर्गणीदारांकडे पोहोचली व एक्सेल २०२१ मध्ये समाविष्ट झाली. आता प्रत्येक सूत्र समूहाचेच मानले जाते. उत्तर अनेक मूल्यांचे असल्यास ते शेजारच्या घरांत पसरते, आणि वाटेत एखादे भरलेले घर आले, तर स्पिल हा संदेश येऊन पसरणे थांबते. अव्यक्त छेद हवाच असेल, तर ॲटचे चिन्ह लिहावे लागते. जे पूर्वी गृहीत होते ते आता लिहावयाचे, आणि जे कळांनी करावयाचे ते गृहीत, अशी ही उलटापालट आहे. सर्वच दोष त्याने गेले असे नव्हे. अनेक ओळींच्या दोन अटी जोडताना अँड हे फलन आजही ओळीगणिक उत्तर न देता साऱ्यांचे मिळून एकच उत्तर देते. तेथे गुणाकारच वापरावा लागतो.

जुनी पत्रके नव्या एक्सेलमध्ये उघडली असता महिरपी कंस जसेच्या तसे राहतात, आणि जेथे पूर्वी अव्यक्त छेद होऊ शकत होता तेथे ॲटचे चिन्ह दिसू लागते. एखाद्या कचेरीने वीस वर्षे वापरलेल्या पत्रकात अशी चिन्हे उमटली, म्हणजे त्यांपैकी कोणती हेतुपूर्वक होती आणि कोणती तीन कळा दाबावयाच्या राहून गेल्याने आली, हे सूत्रागणिक तपासावे लागते.