तिसरी जागा : ‘वेदर रिपोर्ट’चा बदलता नाद

जॅझ-फ्यूजनच्या आद्य बँडांपैकी एक असलेला ‘वेदर रिपोर्ट’ १९७० मध्ये अमेरिकेत उभा राहिला. व्हिएन्नाचा कीबोर्डवादक जो झाविनुल, सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टर आणि प्रागचा बासवादक मिरोस्लाव्ह व्हिटोस हे त्याचे संस्थापक. १९८६ पर्यंत पहिले दोघे टिकले. बासच्या तिसऱ्या जागेवर मात्र चार नियमित वादक येऊन गेले. बँडचा नाद कसा पालटला, हे या जागेवरून नेमके कळते.

१९७१ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत मुख्य वादक आणि साथीदार अशी उतरंड जवळजवळ नाहीच. व्हिटोसचा बास सॅक्सोफोनशी बरोबरीने संवाद करतो. पुढे झाविनुलला ठेका धरून ठेवणारा बास हवासा वाटू लागला. ‘स्वीटनायटर’मध्ये (१९७३) काही रचनांसाठी अँड्र्यू व्हाइटची बासगिटार घेतली गेली. लवकरच व्हिटोस बाहेर पडला. अल्फोन्सो जॉन्सनने तो ठेका पक्का केला. १९७६ मध्ये जॅको पास्टोरियस आला. पडदे नसलेली त्याची बासगिटार मींड घेत गाऊ लागली आणि ‘हेवी वेदर’मधील (१९७७) ‘बर्डलँड’ने बँडला जॅझबाहेरचा श्रोता दिला. १९८२ मध्ये त्याची जागा व्हिक्टर बेलीने घेतली.

ही केवळ प्रगतीची कहाणी नव्हे. बासला पुन्हा वाचा फुटली, पण ती ठेक्याच्या चौकटीत. आरंभीचा मोकळा संवाद मागेच राहिला, आणि त्याची किंमत एका संस्थापकाने मोजली.