विमानाचा रंग आणि मराठवाड्याचा सप्टेंबर १९४८

१/ जुन्या लढाऊ विमानाचा जीर्णोद्धार करताना इंजिनाइतकाच अवघड प्रश्न रंगाचा असतो. एकाच विमानाने आपल्या सेवाकाळात अनेक रंग पांघरलेले असतात. म्हणून ‘खरा रंग कोणता?’ असे विचारण्याआधी ‘कोणत्या दिवसाचा?’ हे ठरवावे लागते.

२/ आपल्या जवळचा एक दिवस घेऊ: १४ सप्टेंबर १९४८. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. सोलापूरकडून निघालेली भारतीय फौज उमरग्याहून राजेश्वरकडे सरकत होती. वाटेत दबा धरलेल्या मोर्चांवर टेम्पेस्ट विमानांनी हल्ले केले आणि रस्ता मोकळा झाला. त्याच मोहिमेत दुसऱ्या बाजूने आलेल्या सैन्याने जालना घेतले.

३/ त्या दिवसाचे टेम्पेस्ट आज रंगवायचे झाल्यास पंखांवर चिन्ह कोणते काढावे? हात सहज केशरी-पांढऱ्या-हिरव्या वर्तुळाकडे वळेल. परंतु ते वर्तुळ १९५० पासूनचे आहे. स्वातंत्र्यानंतरच्या आधीच्या काळात विमानांवर अशोकचक्र आले होते. दलाचे नावही प्रजासत्ताक होईपर्यंत ‘रॉयल इंडियन एअर फोर्स’ असेच होते.

४/ आणखी मागे जा. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ब्रिटिश वर्तुळातला लाल ठिपका काढून टाकला गेला. जपानी विमानांवरील लाल गोळ्याशी गल्लत होऊन आपल्याच तोफा आपल्या विमानांवर रोखल्या जाण्याची भीती होती.

५/ मग पुरावा कुठे शोधायचा? पत्रा हलक्या हाताने घासला की रंगाचे जुने थर एकाखाली एक उघडे पडतात. कृष्णधवल छायाचित्रे मात्र जपून वाचावीत. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल व पिवळा रंग गडद दिसतो, तर निळा फिका.

६/ कधी निवड जाणीवपूर्वक वेगळी असते. ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन २०१८ साली हवाई दलात आलेल्या ‘परशुराम’ या डकोटावर ‘व्हीपी ९०५’ हा क्रमांक आहे. तो २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैनिक उतरवणाऱ्या दुसऱ्या डकोटाचा. ही मानवंदना आहे. पाहणाऱ्याला तसे सांगितले की त्यात खोटे काही उरत नाही.

७/ टेम्पेस्टवर न सांगता तिरंगी वर्तुळ काढले, तर मात्र मराठवाडा प्रजासत्ताकाच्या सोळा महिने आधी मुक्त झाला, हा क्रमच पुसला जातो. संग्रहालयात विमानासमोर उभे राहाल तेव्हा आधी वर्तुळ पाहा, मग फलकावरचे साल. दोन्ही जुळत नसतील, तर तिथल्या अधिकाऱ्यांना अवश्य विचारा.