सोडणें आणि सोपविणें

दिंडोशी म्हटलें कीं मुंबईकराच्या डोळ्यांपुढें मालाड-गोरेगांवच्या पूर्वेकडील उंच इमारती, द्रुतगति महामार्गावरील वाहनांच्या रांगा आणि दिवाणी व सत्र न्यायालयांतील वर्दळ उभी राहते. नोकरीची धांवपळ, घरकर्जाचा हप्ता, जागेचा तंटा, भाऊबंदकीचा दावा, अशा नाना चिंता डोक्यावर घेऊन माणसें तेथून दररोज जात-येत असतात. या वस्तीच्या पाठीशीं डोंगर आणि दाट वन आहे. त्याच वनांत, ईशान्येस सुमारें चार मैलांवर, कान्हेरीचीं लेणीं आहेत. मनावरचें ओझें खालीं कसें ठेवावें, या एका प्रश्नाचा अभ्यास त्या डोंगरांत शतकानुशतकें चालला होता. आणि त्याच प्रश्नाशीं आयुष्यभर झगडलेल्या एका सम्राटाचें नांवहि तेथील खडकावर कोरलेलें आहे.

कान्हेरीचें जुनें नांव कृष्णगिरि. इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांत येथें बौद्ध भिक्षूंसाठीं खोदकाम सुरू झालें व पुढें लेण्यांची संख्या शंभराच्या वर गेली. बुद्धाच्या नियमाप्रमाणें भिक्षूनें एरव्हीं फिरत असावें आणि पावसाळ्यांत मात्र एके ठिकाणीं राहावें. भिक्षूनें घर सोडलें, द्रव्य सोडलें, आप्त सोडले. परंतु कोंकणांतील पाऊस कांहीं त्याला सोडीत नसे. डोक्यावर छप्पर हवें, अंगावर चीवर हवें, भिक्षापात्रांत चार घांस हवेत, आणि उन्हाळ्यांत पिण्यास पाणीहि हवें. म्हणून जवळजवळ प्रत्येक लेण्यापाशीं पाण्याचें टांकें खोदलेलें दिसतें. डोंगरावरून वाहून जाणारें पाणी चर खोदून टांक्यांत आणलेलें आहे.

हें सर्व कोणी केलें? कल्याण, सोपारा, चौल येथील व्यापाऱ्यांनीं, सोनारांनीं, लोहारांनीं आणि अनेक स्त्रियांनीं. त्यांचीं दानें भिंतींवर कोरलेलीं आहेत. त्यांतील कित्येक दानांस ‘अक्षयनीवि’ असें म्हटलें आहे. अक्षयनीवि म्हणजे मुद्दल न मोडतां केवळ उत्पन्नावर चालावयाची कायमची ठेव. तिच्या उत्पन्नांतून वर्षावासासाठीं राहणाऱ्या भिक्षूस वस्त्र मिळावें, अशी योजना असे. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. भिक्षूनें सर्वस्व सोडलें खरें, पण त्यानें सोडलेली प्रत्येक काळजी दुसऱ्या कोणीतरी विचारपूर्वक उचललेली होती. त्याग हा वाऱ्यावर नव्हता. त्याच्या खालीं व्यवस्थेचा पाया होता.

या लेण्यांपैकीं जें मोठें सभागृह लोकांत ‘दरबार’ म्हणून ओळखलें जातें, त्याच्या परिसरांतील शिलालेख नवव्या शतकांतले आहेत. त्या वेळीं उत्तर कोंकणावर शिलाहार घराण्याचा अंमल होता आणि शिलाहार हे राष्ट्रकूट सम्राटांचे मांडलिक होते. शके ७७५, म्हणजे इ. स. ८५३-५४, च्या लेखांत शिलाहार राजा कपर्दी याच्या काळांतील एक दान नमूद आहे. गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून, आलेल्या अविघ्नाकर नांवाच्या उपासकानें येथें ध्यानासाठीं खोल्या करविल्या आणि भिक्षूंच्या वस्त्रांसाठीं शंभर द्रम्मांची कायमची ठेव दिली. त्या काळीं भरतखंडाचें एक टोंक सोडून दुसऱ्या टोंकास येणें ही सामान्य गोष्ट नव्हती. एवढ्या लांबून आलेल्या माणसानें काय बांधिलें, तर निवांत बसण्याच्या खोल्या! याच लेखाच्या आरंभीं सार्वभौम म्हणून ज्याचें नांव आहे, तो राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष. निवांतपणाची गरज त्याच्याइतकी क्वचितच कोणास असेल.

इ. स. ८१४ मध्यें पिता तिसरा गोविंद याच्या मागें अमोघवर्ष गादीवर आला, तेव्हां तो अल्पवयी होता. थोड्याच वर्षांत सामंतांनीं बंड केलें व त्याचें सिंहासन गेलें. गुजरातेंतील त्याचा चुलत भाऊ कर्क यानें इ. स. ८२१ च्या सुमारास तें त्याला परत मिळवून दिलें. पुढें त्याच गुजरात-शाखेशीं त्याचें दीर्घकाळ वैर जडलें. वेंगीच्या चालुक्यांशीं युद्ध, म्हैसूरकडील गंगांशीं युद्ध, असा एकामागून एक व्याप चालूच राहिला. कोन्नूरच्या शिलालेखावरून दिसतें कीं, एका बंडांत खुद्द राजपुत्रच शत्रूंना मिळाला होता आणि बंकेय नांवाच्या एकनिष्ठ सेनापतीनें तें बंड मोडलें. हा राजपुत्र म्हणजे युवराज कृष्णच असावा, असें इतिहासकार मानतात. बाहेरून मात्र वैभवास कांहीं उणें नव्हतें. अरब प्रवासी सुलेमान याच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या, इ. स. ८५१ च्या वृत्तांतांत या ‘बल्हरा’ची गणना जगांतील चार मोठ्या राजांमध्यें केलेली आहे. जगाला वैभव दिसतें. त्याखालचा भार मात्र ज्याचा त्यालाच ठाऊक असतो.

या भाराखालीं अमोघवर्षानें काय केलें? संजाण येथें सांपडलेल्या शके ७९३, म्हणजे इ. स. ८७१, च्या ताम्रपटांत दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एक अशी कीं, प्रजेवरील अरिष्ट टळावें म्हणून त्यानें आपल्या डाव्या हाताचें बोट महालक्ष्मीस अर्पण केलें. दुसरी अशी कीं, त्यानें राज्याचा त्याग एकदां नव्हे, अनेकदां केला. ताम्रपट हा राजाच्या स्तुतीसाठींच लिहिलेला असतो, हें लक्षांत ठेवूनहि या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्याजोग्या आहेत. पहिलींत सर्व अरिष्टाची जबाबदारी एकट्या आपल्या शिरावर आहे, असें मानणारें मन दिसतें. असें मन शेवटीं स्वतःच्याच देहावर घाव घालतें. त्यांतील प्रजाप्रेम वंदनीय आहे. पण तो मार्ग ओझें हलकें करण्याचा नव्हे. दुसरींत तेंच मन कांहीं निराळें शिकूं पाहत आहे.

तें शिक्षण त्याच्या राजकारणांतहि दिसून येतें. गंगांशीं चाललेलें युद्ध वर्षानुवर्षें निकालीं निघेना. तेव्हां अखेर त्यानें आपली कन्या चंद्रोबलब्बा गंग राजपुत्र बूतुग यास दिली आणि वैराचें सोयरिकींत रूपांतर केलें. पित्यानें जिंकलेलें सारें मुठींत राखण्याचा हट्ट त्यानें सोडला. यावरून कोणी त्याला पित्यापेक्षां दुबळा म्हणेल. परंतु चौसष्ट वर्षांच्या त्या राजवटींत मान्यखेट येथें (हल्लीचें कलबुर्गी जिल्ह्यांतील मालखेड) विद्या फुलली. कन्नड भाषेंतील ‘कविराजमार्ग’ हा ग्रंथ त्याच्याच दरबारांतला, आणि महावीराचार्यानें आपल्या ‘गणितसारसंग्रहा’त त्याचें गुणवर्णन केलें आहे. हट्ट सुटला म्हणजे हात दुसऱ्या कामास मोकळे होतात, याचें हें उदाहरण होय.

जैन आचार्य जिनसेन हे त्याचे गुरु. ‘प्रश्नोत्तररत्नमालिका’ हा प्रश्नोत्तररूप लहानसा नीतिग्रंथ त्याच्या नांवावर आहे, आणि विवेकानें राज्य सोडल्यावर त्यानें तो रचला, असें त्याच्या अखेरीस नमूद आहे. या ग्रंथाच्या कर्तृत्वाविषयीं मतभेद आहेत. पण ताम्रपटहि राज्यत्यागाचीच साक्ष देतो.

येथें कान्हेरीचा आणखी एक लेख पुढें येतो. तो शके ७९९, म्हणजे इ. स. ८७७-७८, चा आहे. संजाणच्या ताम्रपटानंतर सहा वर्षें उलटलीं होतीं. राज्य ‘सोडलेलें’ होतें. आणि तरीहि या लेखांत सम्राट म्हणून नांव अमोघवर्षाचेंच! यांत विसंगति मुळींच नाहीं. तो कांहीं काळ कारभार युवराजाकडे व मंत्र्यांकडे सोपवून धर्मचिंतनांत राही आणि गरज पडली कीं परत येई, असा अर्थ इतिहासकारांनीं लाविला आहे. ‘अनेकदां’ या शब्दाचें मर्म यांतच आहे. सोडणें ही एका दिवसांत साधणारी गोष्ट नव्हे. तिचा सराव करावा लागतो. मध्येंच चिंता परत येते, मनुष्य परत धांवतो, पुन्हां बसतो, पुन्हां सोडतो.

आणि सोपविलें कोणाकडे? इतिहासकारांचा तर्क खरा असेल, तर ज्या पुत्रानें एके काळीं बंडांत भाग घेतला, त्याच कृष्णाकडे. राज्य सोडण्याहून हें अधिक कठीण होतें. ज्यानें दुखविलें त्याच्यावर विश्वास टाकावयाचा, तर जुना राग आधीं सोडावा लागतो. तो राग मनांत धरून दिलेला अधिकार हा अधिकार नसून पहारा होतो, आणि पहारेकऱ्यास झोंप कोठून येणार?

भिक्षु आणि सम्राट यांच्या वाटा निराळ्या होत्या. एकानें सर्वच सोडलें, दुसऱ्यानें थोडें थोडें सोडलें. पण दोघांच्याहि बाबतींत सुटका झाली ती टाकून पळाल्यामुळें नव्हे. टाकलेलें ओझें रस्त्यांत पडून राहतें आणि मन वारंवार तेथें परत जातें. योग्य हातीं सोपविलेलें ओझें मात्र पुढें जातें. संसारी मनुष्यास लेण्यांत जाऊन राहणें नको आणि सिंहासन तर त्याच्यापाशीं नाहींच. परंतु मोठ्या मुलाच्या हातीं घराचा हिशेब देणें, कचेरींतील हाताखालच्या माणसास एक काम पुरतें देणें, निकाल न लागणाऱ्या तंट्यांत सलोख्याचें पाऊल आपण पुढें टाकणें, हें त्याच्या आवांक्यांतलें आहे. दिल्यावर मात्र घडोघडी डोकावून पाहूं नये. आणि पाहिलेंच गेलें, तर निराश न होतां पुन्हां सोडावें. अमोघवर्षासहि तें अनेकदां करावें लागलें.