इन्स्टॉल करताना ‘कस्टम’ पर्याय का पाहावा?

सॉफ्टवेअर टाकताना आपण ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ करत सुटतो. पण इन्स्टॉलर म्हणजे एकच गठ्ठा नसतो. १९९७ पासून वापरात असलेल्या ‘इनो सेटअप’ या साधनात डेव्हलपर फाइल्सचे ‘कम्पोनंट्स’ पाडतो: मुख्य प्रोग्रॅम सक्तीचा, मदत-फाइल्स किंवा शब्दकोश ऐच्छिक. डेस्कटॉपवर आयकॉन हवा का, असे प्रश्न ‘टास्क्स’मध्ये येतात. ‘फुल’ आणि ‘कॉम्पॅक्ट’ हे तयार संच; ‘कस्टम’मध्ये निवड आपली.

मेख इथेच आहे. कोणत्या चौकटीत आधीच टिक असेल, हे डेव्हलपर ठरवतो. एकेकाळी जावाच्या इन्स्टॉलरमध्ये ‘आस्क टूलबार’ असाच आधीच टिक केलेला यायचा. म्हणून ‘कस्टम’ निवडा, यादी वाचा, नको तिथली टिक काढा. जागा वाचेल आणि न बोलावलेले पाहुणेही टळतील.