उपचाराचे मोल आणि राज्याची सीमा

पिरनवाडीच्या रुग्णापुढे उपचाराच्या तीन वाटा असतात : जवळचे बेळगाव, चोर्ला घाटाखालचा गोवा आणि आगगाडीने गाठायची मिरज. यांतली कोणती वाट तो धरतो हे वैद्याच्या कीर्तीवर ठरते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ते मोलावर ठरते. आणि मोल म्हणजे केवळ वैद्याचे शुल्क नव्हे. त्यात गाडीभाडे, बुडालेला रोजगार, सोबत्याचा खर्च आणि अलीकडे हातातले कार्डही धरावे लागते.

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन रुग्णालय उभारले, तेव्हा बेळगावला मिरज-पुण्याशी जोडणारा लोहमार्ग तयार होता. अंतराचे मोल रेल्वेने उतरवले; शुल्काचा भार ऐपतदारावर अधिक टाकून गरिबाला सवलत देण्याची मिशनची रीत होती. मागणी होतीच; ती बोलून दाखवण्याची ऐपत या दोन गोष्टींनी आली.

पैशाअभावी कोणीही उपचाराविना राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ मध्ये मांडले. दहा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. मिरज होती तिथेच राहिली. पण पुढे आरोग्याचा हक्क राज्याच्या योजनांना बांधला गेला, तसे हे नकाशावरचे अंतर रुग्णाला जाणवू लागले. गोमेकॉमध्ये जानेवारी २०१८ पासून परप्रांतीयांना शुल्क लागू झाले, तेव्हा घाटाखालची वाटही महागली.

प्रशासकीय रेषेचे मोल केवढे, याचा पुरावा कर्नाटकातच मिळतो. वाजपेयी आरोग्यश्री ही योजना २०१० मध्ये प्रथम राज्याच्या उत्तर भागात आली. रेषेच्या दोन्ही अंगांच्या गावांची तुलना २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांत, योजनेत मोडणाऱ्या आजारांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण योजनेच्या गावांत ०.३२ टक्के, तर पलीकडच्या गावांत ०.९० टक्के आढळले. गरिबी दोन्हीकडे होती. संरक्षण एकीकडेच होते.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना ८६५ सीमागावांना लागू करण्याचे ठरवले. कर्नाटक सरकारने त्यास आक्षेप घेतला. हा वाद सार्वभौमत्वाच्या भाषेत लढला गेला. रुग्णाच्या बाजूने पाहता तो हिशेबाचा प्रश्न आहे. एका राज्याचे कार्ड दुसऱ्या राज्यात चालावे, हे तत्त्व २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेने मान्य केलेच आहे. तेव्हा सीमाभागातील रुग्णाने सोयीचे रुग्णालय निवडावे आणि त्याचे देयक दोन्ही सरकारांनी आपसांत चुकते करावे. सीमेचा निकाल लागेल तेव्हा लागो; हा हिशेब त्यासाठी अडून राहण्याचे कारण नाही.