नारायणगावकर, विठाबाई भाऊ मांग

(जुलै १९३५ – १५ जानेवारी २००२). ढोलकी-फडाच्या तमाशातील गायिका, नर्तकी, वगातील नायिका आणि फडमालकीण. जन्म पंढरपूरचा, घराणे मात्र पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्याच्या नारायणगावचे. आजोबा नारायण खुडे यांनी तमाशाचा फड उभा केला. वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावाने नावारूपाला आणला. जातीचे नाव फलकावर ठेवूनच हा फड गावोगाव फिरला. विठाबाईंनीही वडिलांचे नाव, जात आणि गाव ही तिन्ही आपल्या नावात अखेरपर्यंत कायम ठेवली. तमाशाला गर्दी करायची आणि तमासगिराला वेशीबाहेर उतरवायचे, अशा काळात ही साधी गोष्ट नव्हती.

शाळेत त्यांचे मन रमले नाही. गळा आणि पदन्यास घडला तो फडातच, वडीलधाऱ्यांचे ऐकत आणि पाहत. लहान वयातच त्या बोर्डावर, म्हणजे तमाशाच्या रंगमंचावर, उभ्या राहिल्या आणि पुढे फडाचा सगळा भार त्यांच्यावर आला.

विठाबाईंचे गायन समजून घ्यायचे तर ढोलकी-फड आणि संगीत बारी यांतला फरक ध्यानात घ्यावा लागतो. संगीत बारी थिएटरात रंगते. तिथे बैठकीची लावणी, अदाकारी आणि जवळ बसलेला रसिक यांना महत्त्व. फडाचा तमाशा उघड्या माळावर किंवा कनातीत, हजारोंच्या समोर. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी पहाटेपर्यंत चालणारा वग, म्हणजे कथानाट्य, असा त्याचा क्रम. ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांजेच्या कल्लोळातून शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोचवायचा, तर आवाज खडाच हवा. शिवाय इथे गायिका नुसती गायिका नसते. गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेली गवळण, रंगबाजीत लावणीवर नाचणारी आणि वगात नायिका, अशी तिन्ही कामे एकाच बाईला एकाच रात्री करावी लागतात. विठाबाईंची थोरवी इथे आहे. नाचताना त्यांचा दम तुटत नसे आणि वगातल्या करुण प्रसंगात तोच आवाज एकदम मऊ होई. त्यांना केवळ लावणीसम्राज्ञी म्हणून बाजूला काढले की त्यांच्यातली अभिनेत्री झाकली जाते. ‘रक्तात न्हाली कुऱ्हाड’ आणि ‘मुंबईची केळेवाली’ हे त्यांच्या गाजलेल्या वगांपैकी दोन.

त्यांच्याविषयी सर्वाधिक सांगितला जाणारा प्रसंग बाळंतपणाचा. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. मध्येच कळा सुरू झाल्या. त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर येऊन उभ्या राहिल्या. मघाशी दिसणारे पोट आता दिसत नाही हे प्रेक्षकांच्या लक्षात आले, तेव्हा त्या प्रेक्षकांनीच हात जोडून खेळ थांबवायला लावला. कलानिष्ठेचा दाखला म्हणून ही हकीकत सांगतात आणि ती निष्ठा खरीच. पण नायिका बोर्डावर आली नाही तर त्या दिवशी अख्ख्या फडाची चूल पेटण्याची पंचाईत होते, हेही त्याच हकिकतीत दिसते. तमाशातल्या बाईला बाळंतपणाची रजा नव्हती.

चीनशी झालेल्या १९६२ च्या युद्धाच्या काळात त्यांनी सीमेवरील जवानांसमोरही कार्यक्रम केले. १९५७ आणि १९९० अशा दोन वेळा राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंधने आणली होती, वगांच्या संहिता तपासून घेण्याची अट आली होती. ते दिवस पाहता पहिल्या सन्मानाचे मोल अधिक वाटते.

तमाशाच्या या सगळ्या व्यवसायाचे पोट चालते ते गावच्या जत्रांवर. फड दसऱ्याला बाहेर पडतात. आधी तंबू ठोकून तिकिटावर खेळ होतात आणि चैत्र-वैशाखात जत्रांच्या सुपाऱ्या सुरू होतात. गुढीपाडव्याच्या सुमाराला पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच तिथे येऊन तमाशा ठरवतात. ‘तमाशाची पंढरी’ हे नाव नारायणगावाला त्यावरूनच पडले. घोड आणि भीमेकाठच्या शिरूर-दौंड पट्ट्याचा या पंढरीशी जुना संबंध आहे. निमोण्यासारख्या शिरूर तालुक्यातल्या गावाला जत्रेचा तमाशा ठरवायचा तर नारायणगावची वाट ठरलेली. घरटी वर्गणी काढायची, राहुटीत बसून घासाघीस करायची, विसार द्यायचा, तारीख पक्की करायची. जत्रेच्या रात्री देवाचा छबिना (पालखीची मिरवणूक) निघाला की तमाशाला सुरुवात, दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी, दुपारी कुस्त्यांचा आखाडा. हजेरीत वग नसतो, नुसती गाणी असतात, आणि रात्रभर जागलेल्या गळ्याने ती गावी लागतात. गायिकेची कसोटी हजेरीतच लागते. कोणत्या गावच्या जत्रेला कोणाचा फड आला होता, यावरून वर्षांचा हिशेब सांगणारी माणसे या भागात अजून भेटतात.

शिरूर तालुक्याने तमाशाला नुसते प्रेक्षक दिले नाहीत. कवठे येमाई हे या तालुक्यातलेच गाव. सोंगाड्या आणि फडमालक गंगारामबुवा कवठेकर तिथले. अनेक फडांसाठी लावण्या, गवळणी आणि वग लिहिणारे लोककवी बी. के. मोमीन कवठेकर (१९४७–२०२१) हेही तिथलेच.

विठाबाईंचा उत्तरकाळ हलाखीत गेला. हाताखालच्या माणसांची पोटे, गाड्या, कनाती आणि पावसाळ्यातले रिकामे महिने यांचा खर्च फडमालकाच्या अंगावर असतो. चालू हंगामासाठी उचल घ्यायची आणि पुढच्या हंगामात फेडायची, हे चक्र मोठमोठ्या फडांना चुकलेले नाही. वय झाल्यावर तर बोर्डावरची मिळकतही आटते. राष्ट्रपतींचा सन्मान दोनदा मिळवलेल्या या कलावतीच्या अखेरच्या आजारपणाचे रुग्णालयाचे बिल लोकांच्या देणग्यांतून भागवावे लागले, ही नोंद महाराष्ट्राला भूषणावह नाही. योगिराज बागूल यांनी ‘तमाशा विठाबाईच्या आयुष्याचा’ या चरित्रात त्यांच्या जीवनाची कहाणी मांडली आहे.

महाराष्ट्र शासनाने २००६ मध्ये त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. तमाशाक्षेत्रात दीर्घ सेवा केलेल्या ज्येष्ठ कलावंताला तो दिला जातो. कांताबाई सातारकर, वसंत अवसरीकर, गंगारामबुवा कवठेकर, राधाबाई खोडे नाशिककर, मधुकर नेराळे आणि बी. के. मोमीन कवठेकर (२०१८) हे त्याचे काही मानकरी. विठाबाईंची कन्या मंगला बनसोडे यांनाही आईच्या नावाचा हा पुरस्कार मिळाला. मंगलाताईंनी पुढे स्वतःचा फड काढला आणि तो गाजवला. दुसऱ्या कन्या मालती इनामदार यांनी आईच्या नावाचा फड चालवला. नारायणगावच्या राहुट्यांवरच्या फलकांवर ‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’ हे नाव त्यांच्या मृत्यूनंतरही लागत राहिले, आणि जत्रा ठरवायला आलेले पंच ते नाव वाचून आत शिरत राहिले.